खिडकीकडची भुवई

१

हार्लेममध्ये कालव्याला लागून एका अरुंद घरात वेसेल आणि फेना हे नवरा-बायको चित्रं छापायचं काम करत. काढायचं काम त्याचं, छापायचं तिचं. तो वरच्या खोलीत बसून, मेणाचा काळा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढायचा आणि मग पत्रा तेजाबात बुडवायचा. सुईनं जिथं मेण निघालेलं असे तिथंच तेजाब तांब्याला खाई. खाली तळघरात फेना त्या खाचांत शाई भरायची. वरची शाई आधी फडक्यानं पुसायची, मग खडू चोळलेल्या तळव्यानं. पत्र्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचं कांबळं, आणि मग लाकडी यंत्राचं चाक, एक पाय भिंतीला टेकवून, दोन्ही हातांनी ओढायची.

वेसेल झाडं काढायचा. वाळूच्या टेकड्यांवरची वाकडी झाडं, पाण्यात पडलेली झाडं, पानं झडलेली झाडं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि फेनाच्या तळव्याला त्या शिवारातलं झाडन् झाड ठाऊक झालं होतं.

मग त्या वर्षी थंडी पडायच्या सुमाराला बाजारपेठेतला चित्रविक्या लुबर्ट घरी आला. जाडजूड, गमत्या माणूस. बियरचा मग हातात घेऊन म्हणाला, "वेसेल, तुझी झाडं उत्तमच आहेत. पण माझ्या दुकानात आता इतकी झाडं झालीत, की उद्या पाखरं घरटी बांधतील. लोकांना चेहरे हवेत बाबा. त्यातही काढणाऱ्याचा स्वतःचा चेहरा असला तर हातोहात जातो."

"माझं तोंड कोण घेणार?"

"तोंडासाठी नाहीच घेणार, हातासाठी घेतील. शिवाय समोर बसवायला माणूस शोधायला नको. आरसा ठेव पुढ्यात, झालं काम."

"आणि आरशानं घाबरून उडी मारली तर?" फेना म्हणाली. लुबर्ट पोट धरून हसला. वेसेल हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं खालच्या खोलीतला आरसा खिळ्यावरून काढून वर नेला. फेनाच्या आईनं तिला लग्नात दिलेला साधा आरसा होता तो, काळ्या चौकटीचा. इतकी वर्षं ती त्यात बघून डोक्याची टोपी नीट करत आली होती.

पहिला पत्रा लहानच होता, पोथीच्या पानाएवढा. नुसतं डोकं आणि खांदे, मागं काही नाही. फेनानं यंत्रातून कागद सोलून वर उचलला, आणि वेसेलनं तिच्याकडे पाहिलं.

ती जराशी दचकली. घाबरून नव्हे. वेसेल बोलताना नेहमी दुसरीकडे बघायचा. भाकरीकडे, खिडकीकडे, नाहीतर हातातल्या कामाकडे. भांडतानासुद्धा तो शेगडीशी भांडायचा. कागदावरचा वेसेल मात्र सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता, शांतपणे, कसलीही घाई नसल्यासारखा. तिनं कागद दोरीवर वाळत घातला, आणि उगाचच टोपीतून बाहेर आलेली बट आत सारली.

मग तिला ती भुवई दिसली.

२

वेसेलची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. लहानपणी गोठलेल्या कालव्यावर तो तोंडावर आपटला होता, त्या जागी केस पुन्हा आलेच नाहीत. संध्याकाळी तो खाली आला, तेव्हा फेनानं त्याला दोरीशेजारी उभं केलं.

"माझ्याकडे तोंड कर. असा. आता बघ, तू समोर उभा राहिलास की तुझी तुटकी भुवई माझ्या उजव्या हाताला येते. चित्रात ती डाव्या हाताला आलीय."

"छापताना चित्र उलटतंच. हे तुला मी सांगायचं?"

"छापताना उलटतं, पण आरशात ते आधीच उलटलेलं असतं ना? दोनदा उलटलं की सुलट झालं. तू आरशात बघून काढलंस, तर छाप लोकांना दिसतोस तसाच यायला हवा."

उलटंसुलटं फेनाला झोपेतही कळत असे. तांब्यावर अक्षरं कोरणाऱ्याची मुलगी होती ती. बापाशेजारी बसून उलटी अक्षरं वाचायला शिकली, तेव्हा सुलटी वाचायला अजून शिकायची होती.

वेसेलनं दोरीवरचा छाप जवळून पाहिला. मग म्हणाला, "सवय. गावाचं चित्र काढताना देवळाचा मनोरा छापात योग्य बाजूला यावा म्हणून मी पत्र्यावर सगळं मुद्दाम उलटं काढतो. हाताला तीच खोड लागलीय. आरशासमोरही हातानं आपलं आपणच उलटून टाकलं असेल."

हे पटण्यासारखं होतं. फेनाला बरंच वाटलं. शेजारची कोबा ताक मागायला आली होती, तिनं दोरीवरचं चित्र पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं, एक नवरा पुरेना म्हणून आता छापायला घेतलास? माझ्याचा छापू नकोस हं बाई, एकच आवरत नाही."

"हा बोलत नाही, कोबा. हा नुसता बघतो."

"मग मलाही एक दे," कोबा म्हणाली.

लुबर्टला चित्र फार आवडलं. कुठली भुवई कुठं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आणखी एक, मोठं, खोलीसकट काढ, असा त्याचा निरोप आला.

दुसऱ्या पत्र्यावर वेसेलनं आरशात दिसलं ते सगळं काढलं. स्वतःला, मागच्या शेगडीला, खुंटीवरच्या कोटाला आणि एका बाजूच्या उंच खिडकीला. तेजाबातून काढून धुतलेला पत्रा त्यानं फेनाच्या हातात दिला. तिनं शाई भरायच्या आधीच तो उजेडाकडे तिरका धरला.

वेसेल बसायचा तेव्हा खिडकी त्याच्या डावीकडे असे. तुटकी भुवईही डावीच. म्हणजे ती खिडकीकडची भुवई. मग आरशात बघा, पत्र्यावर बघा, कागदावर बघा, चित्र हवं तितक्यांदा उलटा, खिडकी आणि ती भुवई एकाच बाजूला राहणार. एकत्रच उलटणार, एकत्रच सुलटणार. हाताची खोड असती, तर हातानं खिडकीही उलटली असती.

पत्र्यावर खिडकी जागच्या जागी होती. कोट आणि शेगडीही जागच्या जागी. फक्त माणूस तेवढा वेगळा होता. खिडकीकडची त्याची भुवई अखंड होती, आणि तुटकी पलीकडे, सावलीत.

फेना बराच वेळ पत्रा हातात धरून उभी राहिली. हे असं केव्हा होईल, याचा ती विचार करत होती. तिला एकच उत्तर सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की ती मोठ्यानं बोलली नाही. आरशात न बघता, डावी भुवई तुटलेला एखादा माणूस समोरासमोर बसवून त्याचं चित्र काढलं, तर ते असं येईल.

३

वेसेलची बसायची जागा तळघराच्या बरोबर वर नव्हती. ती स्वयंपाकघराच्या वर होती. त्यामुळं दुपारी फेना भाज्या चिरायला बसली की वरचे आवाज तिला ऐकू येत. तिपाई करकरायची, सुई पत्र्यावर खरखरायची, मध्येच वेसेल खाकरायचा. त्या घराची एकेक फळी तिच्या ओळखीची होती.

आता तिपाई करकरली की त्यानंतर आणखी एक फळी वाजायची. आरसा लावला होता त्या भिंतीजवळची. वेसेलचं टेबल तिथं भिंतीला जवळजवळ टेकलेलं होतं, मध्ये माणूस सोडा, मांजर बसेल एवढीही जागा नव्हती. वेसेल सावरून बसला की तिपाई वाजायची, आणि मग, त्याचं बघून कुणी सावरून बसावं तशी, ती फळी.

थंडीनं लाकूड आखडतं, फेनानं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. जिनाही वाजत होता, दारंही वाजत होती. पण ती जेव्हा हवं तेव्हा वाजायची, तिपाईची वाट बघत बसायची नाहीत.

एका दुपारी ती त्याच्यासाठी काळी भाकरी आणि चीज घेऊन वर गेली. लाकडी बूट तिनं जिन्याखालीच काढून ठेवले होते, त्यामुळं तिच्या पावलांचा आवाज झाला नाही. दार अर्धवट उघडं होतं. दारातून वेसेलची पाठ दिसायची आणि आरसा तिरका दिसायचा. त्या कोनातून आरशात कायम एकच गोष्ट दिसे, शेगडी आणि तिच्यावरच्या खुंटीचा कोट. वेसेलचा चेहरा तिथून दिसत नसे, दिसणं शक्यही नव्हतं.

वेसेलनं मान खाली घातली होती. नाक पत्र्याला लागेल इतका तो वाकला होता, आणि सुई बारीक बारीक खरखरत होती.

आरशात त्याचा चेहरा होता, आणि तो वाकलेला नव्हता. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर समोर. काढणारा खाली बघून रेघ ओढतोय, तोवर आपण हलायचं नाही, हे ठाऊक असलेल्या माणसासारखा तो बसला होता. निवांत. पापणी लवल्याचंही तिला दिसलं.

वेसेलनं डोकं वर केलं. आरशात शेगडी होती आणि कोट होता.

"काय गं?" तो वळून म्हणाला.

"भाकरी," फेना म्हणाली. तिनं ताट टेबलाच्या कडेला ठेवलं.

वेसेलनं भाकरीचा तुकडा मोडला. तो खुशीत होता, आणि खुशीत असला की थोडं बोलायचा. "या खेपेला मी फार छान बसलो बघ. आधी मान खाली घातली की चेहरा हरवायचा. वर बघेस्तोवर सगळं बदललेलं असायचं. आता मी खाली वाकलो तरी तो हलत म्हणून नाही."

तो चावायचा थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच आत्ता ऐकू आलं असावं. त्यानं आरशाकडे पाहिलं नाही. उरलेली भाकरी ताटात ठेवली आणि उठून खिडकीशी गेला.

"कालवा गोठलाय," तो म्हणाला. "उद्यापासून बर्फाची चित्रं काढायला जातो बाहेर."

४

वेसेल रोज उजाडताच निघू लागला. गळ्याभोवती लोकरीचा पट्टा, काखेत कागद. बर्फावरून घसरणारी माणसं, अडकून पडलेल्या होड्या, असं काहीबाही तो काढत बसे आणि अंधारायला लागलं की परत येई. तिसऱ्या चेहऱ्याचा पत्रा अर्धवटच पडून होता. लुबर्टचे निरोपावर निरोप येत होते. वेसेल ते ऐकून घेई आणि सूप ढवळत राही.

फेनाला वाटलं, याचा एकदा छडा लावलाच पाहिजे. घर आपलं, आरसा आपल्या आईचा. आपण चुलीशी बसून फळ्यांचे आवाज मोजत राहणार का?

तिनं एका छोट्या पत्र्यावर मेणाचा थर दिला, धुरावर तो काळा करून घेतला, आणि वेसेल गेल्यावर वर जाऊन त्याच्या तिपाईवर बसली. पायाखाली निखाऱ्यांची पायशेगडी घेतली. तिच्या डाव्या गालावर भाजल्याचा जुना डाग होता, म्हणजे इथं बसलं की खिडकीकडचा गाल. तो पत्र्यावर खिडकीकडेच उतरला पाहिजे. आपण आपल्यालाच काढतो आहोत, याचा तोच पुरावा होता.

पहिल्या दिवशी तिनं फक्त डाग, डोळे आणि टोपीची कड काढली. प्रत्येक रेघेला आरसा बघायचा, पत्रा बघायचा, पुन्हा आरसा. सगळं जिथल्या तिथं येत होतं. खोली शांत होती. खाली कालव्यावरून मुलांचा आरडाओरडा येत होता.

दुसऱ्या दिवशी ती कामात गढली असताना वेसेल येऊन मागं शेगडीपाशी खुर्चीत बसला. आरशात तिच्या खांद्यावरून तो तिला दिसला. थंडीनं कंटाळून लवकर परतला असणार.

"आलास होय? बर्फ मऊ पडला का?" तिनं न वळता विचारलं. वळलं असतं तर डोक्याची ठेवण मोडली असती.

तो काही बोलला नाही. त्यात नवं काय होतं? तो नुसता बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, थोडा पुढं झुकून. तिच्याकडे बघत. आपण काम करतोय आणि कुणीतरी ते बघत बसलंय, मध्ये बोलत नाही, जेवण मागत नाही, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. बाप बघायचा तो चुका काढायला. फेनाचे खांदे, जे थंडीत नेहमी कानांपर्यंत चढलेले असायचे, ते हळूहळू खाली आले.

तिनं सुई ठेवून मागं पाहिलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती. गेला असेल पुन्हा बाहेर, तिला वाटलं.

पुढंही तसंच होत राहिलं. ती बसली की थोड्या वेळानं तो येई. रात्री जेवताना वेसेल आपला भाकरीशीच बोलायचा, पण तिला आता त्याचा राग येत नव्हता. दिवसा येऊन बसतो ना, मग झालं तर. खुर्चीचा कोपरा पत्र्यावर ओका ओका दिसत होता, म्हणून शेवटी तिनं त्यालाही चित्रात घेतलं. अंधारातली लहानशी आकृती, तोंडावर सावली, फक्त हात तेवढे उजेडात.

५

तिनं पत्रा स्वतःच तेजाबात घातला, स्वतःच धुतला. पहिला छाप वेसेल घरी असताना काढायचा, असं ठरवून ती त्याची वाट बघत थांबली. तो आल्यावर दिवा लावला, चाक ओढलं, कागद सोलला.

डाग खिडकीकडे होता.

फेना मोठ्यानं हसली. "बघ! बघ हे, खिडकी इकडे, आणि डागही इकडेच. म्हणजे आरशात काही खोट नाही. तूच कुठंतरी चुकत होतास. बरं झालं बाई, उगाच जीव टांगणीला लागला होता."

वेसेलनं कागद दिव्याजवळ घेतला. त्याच्याही तोंडावरचा ताण गेला. "हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला, आणि असं तो याआधी कधी म्हणाला नव्हता. "टोपीची कड तर माझ्याहून बरी काढलीस. हा मागं कोण बसवलास?"

"कोण म्हणजे? तू."

"मी?"

"दुसरा कोण येतो इथं? रोज शेगडीशी येऊन बसायचास ना, म्हटलं असू दे हाही."

वेसेलनं कागद खाली ठेवला नाही. "फेना, मी रोज स्पार्न नदीच्या पलीकडे होतो. उजेड असेपर्यंत. कोबाचा नवरा तिथं बर्फ फोडून मासे धरत होता, त्याला विचार. दिवसाचा मी घरी एकदाही आलो नाही."

तळघरात शाईचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. वर कुठंतरी एक फळी वाजली, आणि दोघांनीही ती ऐकली नाही असं दाखवलं.

"मग मी आठवणीनं काढलं असेल," फेना म्हणाली.

"मी असा बसत नाही."

हे खरं होतं. वेसेल बसला की पाय हलवायचा, दाढी ओढायचा. असं गुडघ्यांवर हात ठेवून, पुढं झुकून, एखाद्या माणसाकडे बघत बसणं त्याला जमलंच नसतं. फेनानं त्या छोट्याशा आकृतीकडे पाहिलं. आपल्याला भीती वाटायला हवी होती, हे तिला कळत होतं. तिला वाटली ती लाज, कुणी आपलं काहीतरी बघून घेतल्यावर वाटते तशी.

"तो बोलला तुझ्याशी?" वेसेलनं विचारलं. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"नाही."

"मग काय करायचा?"

फेना शाईचे हात पुसत राहिली. "काही नाही रे. नुसता बघायचा."

६

सकाळी वेसेल बर्फावर गेला नाही. फेनाचा पत्रा त्यानं खिडकीशी घेतला, तीन धारांची पोलादी पट्टी काढली आणि खुर्चीतली आकृती तांब्यावरून खरवडायला बसला. दुपारपर्यंत तो आवाज घरभर चालू होता. मग घोटायच्या गुळगुळीत लोखंडानं तेल लावून तो ती जागा घासत राहिला. फेनानं त्याला अडवलं नाही. फक्त एकदा वर येऊन म्हणाली, "खुर्ची राहू दे. खुर्चीनं काय केलंय?"

"खुर्ची ठेवतोय," तो म्हणाला.

मग दोघं खाली आले. तिनं शाई भरली, पुसली. तळव्याखाली ती घोटलेली जागा काचेसारखी गुळगुळीत लागली, आणि तिचा तळवा तिथून लवकर उचलेना.

छाप स्वच्छ आला. शेगडी, रिकामी खुर्ची, तिच्यात माणूस होता तिथं थोडा पांढुरका धूसरपणा, आणि पुढं टोपी घातलेली फेना.

"हं," वेसेल म्हणाला. "झालं. गेला."

आणि तो चित्र बघत राहिला.

स्वतःचं चित्र काढणारा माणूस आरशात स्वतःच्याच डोळ्यांत बघतो. म्हणून ते चित्र छापलं की त्यातले डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांत येतात. वेसेलच्या चित्रांत ते तसे आले होते. फेनाच्या चित्रात मागं माणूस होता तोवर तिकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आता तो नव्हता, तेव्हा ते उघड दिसत होतं. तिचे डोळे तिच्या डोळ्यांत बघत नव्हते. ते केसभर एका बाजूला सरकले होते, आरशात तिच्या खांद्यामागं जो दिसत होता त्याच्याकडे. त्या सगळ्या दिवसांत ती त्यालाच बघत होती. कागदावरची फेना वेसेलकडे बघत नव्हती, ती त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती. आणि तिच्या तोंडावर असा काही निवांतपणा होता, की तो वेसेलनं लग्नाच्या दिवसापासून पाहिला नव्हता.

वेसेलनं आधी चित्राकडे पाहिलं, मग यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायकोकडे. मग, नको नको म्हणत असल्यासारखी, त्याची मान आपोआप वळली, आणि त्यानं मागं पाहिलं.

मागं भिंत होती. भिंतीवर वाळत घातलेली कांबळी होती.

तो पुन्हा पुढं वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू माझ्याकडे असं बघितलं असतंस..." तो म्हणाला.

"तू बघू दिलं असतंस तर," फेना म्हणाली. तिला हे वाईट हेतूनं म्हणायचं नव्हतं, आणि वेसेललाही ते तसं लागलं नाही. त्यानं मान हलवली. नंतर त्यानं वर जाऊन आरसा उतरवला.

७

आरसा कोबानं नेला. तिच्या स्वयंपाकघरात तो अजून आहे, आणि त्यात कोबा, तिचा नवरा आणि लसणाच्या माळा यांच्याशिवाय कधी काही दिसलेलं नाही. वेसेल झाडांकडे परत गेला. वरच्या खोलीत आता तो भिंतीला पाठ लावून बसतो. जेवताना मात्र तो प्रयत्न करतो. भाकरीवरून नजर उचलून फेनाच्या तोंडाकडे आणतो, आणि झेपेल तितका वेळ तिथं ठेवतो. कधी कधी त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं जाते, पटकन परत येते, आणि मग तो मीठ मागतो. फेना त्याला मीठ देते.

तिच्या पत्र्याचे, रिकाम्या खुर्चीसकटचे, काही छाप मात्र लुबर्टनं आधीच उचलून नेले होते. वेसेल पत्रा वितळवायचं म्हणाला तोवर ते दुकानाच्या भिंतीवर लागलेसुद्धा.

"फेनाबाई, तुमच्या चित्राची गंमतच आहे," वसंतात ती झाडांचे नवे छाप द्यायला गेली, तेव्हा लुबर्ट म्हणाला. "गिऱ्हाईक येतं, बघतं, आणि मागं वळून दाराकडे बघतं. प्रत्येक जण! मला वाटलं दाराच्या फटीतून वारा लागत असेल मानेला. सुतार बोलावून फट बुजवून घेतली. तरी वळतातच. पाद्रीबुवासुद्धा वळले. बरं, वळतात ते वळतात, घेऊनही जातात. हा शेवटचा उरलाय."

तो मागच्या खोलीत नवे छाप ठेवायला गेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर चौकात मासेवाल्या ओरडत होत्या, आणि दारातून आलेलं ऊन फरशीवर लांब पसरलं होतं.

फेना चित्रापुढं उभी राहिली. कागदावरच्या फेनानं तिच्या खांद्यामागं पाहिलं.

तिला वळावंसं वाटलं नाही. टोपीची कड खरंच बरी उतरलीय, एवढंच तिच्या मनात आलं. डोळ्यांखालच्या रेघा जरा दाट झाल्यात, पुन्हा काढलं तर हलक्या काढता येतील. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग घागऱ्याचा घोळ हातानं सावरून ती एक पाऊल बाजूला सरकली, मागच्यालाही नीट दिसावं म्हणून.